इटालियन पोलीसपट: जिनोआवाला 'हाय क्राइम' बघितला, आता पुढे काय बघू?

शिवडी_क्रॉस_रोड:

'ला पोलित्सिया इंक्रिमिना, ला लेज्जे असोल्वे' असं मारुतीच्या शेपटासारखं नाव असलेला १९७३चा इटालियन पिक्चर इथे कोणी बघितलाय का? इंग्रजी डबिंगमध्ये 'हाय क्राइम' नावाने सापडतो. डायरेक्टर एन्झो कास्तेलारी, हिरो फ्रँको नीरो, तोच तो 'जँगो'वाला, चिखलातून शवपेटी ओढत येणारा. इथे तो पोलीस झालाय, बेल्ली नावाचा, आणि मार्सेहून जिनोआ बंदरात येणारं हेरॉइन पकडायच्या मागे लागलाय. सुरुवातीलाच गाड्यांचा जो पाठलाग आहे तो सुरू झाला तेव्हा मी आडवा पडलो होतो, संपला तेव्हा उठून बसलो होतो, चहा तसाच गार.

स्टोरी थोडक्यात सांगतो. बेल्लीचा साहेब स्कावीनो (जेम्स व्हिटमोर) कधीपासून एक फाइल बनवत बसलाय, शहरातल्या बड्या बड्या धेंडांची नावं त्यात आहेत, पण तो म्हणतो पुरावा पक्का झाल्याशिवाय फाइल बाहेर काढायची नाही. बेल्लीचं डोकं गरम, तो मागे लागून लागून साहेबाला ती फाइल सरकारी वकिलाकडे न्यायला लावतो आणि रस्त्यातच साहेबाचा गेम होतो, फाइल पण गायब. पुढचं सांगत नाही, पण बेल्लीच्या लहान मुलीचा ट्रॅक बघून बायको उठून आत गेली आणि जाता जाता म्हणाली हा तर आपला ऐंशीच्या दशकातला हिंदी पिक्चर आहे, फक्त गाणी नाहीत. वडील पोर्ट ट्रस्टात होते, ते मागे बसून फक्त बंदराचे सीन बघत होते, खून किती पडले त्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही, 'तो माल कुठल्या शेडला उतरवतायत बघ' एवढंच चाललेलं.

आता मला विचारायचंय ते असं, की हे सगळं सरळ सरळ अमेरिकेवरून उचललेलं आहे का? कारण म्हातारा डॉन काफिएरो म्हणून जो घेतलाय तो फर्नांडो रे, 'फ्रेंच कनेक्शन'मध्ये पण तोच हेरॉइनवाला होता, म्हणजे निदान कॉपी मारताना माणूस तरी बदलायचा ना राव. आणि सगळ्यांचे आवाज असे खोलीत बसून काढल्यासारखे का येतात? आणि ह्या लोकांचा कोर्टावर एवढा राग का, दर दहा मिनिटांनी कोणीतरी वकिलाच्या नावाने बोटं मोडतोय. आणि अजून असे बघण्यासारखे कुठले आहेत ते पण सांगा, पण टाइमपास नको, खरोखर चांगले सांगा.

पिटातला_प्रेक्षक:

शिवडीकर, तुम्ही सुरुवात चांगल्या पिक्चरपासून केलीत, बरेच लोक भलतंच काहीतरी बघून हा प्रकारच सोडून देतात.

कॉपीचं म्हणाल तर हो आणि नाही. कास्तेलारीच्या डोळ्यासमोर 'बुलिट' आणि 'फ्रेंच कनेक्शन' होते ह्यात वाद नाही, फर्नांडो रेला घेणं म्हणजे तर पोस्टरवर लिहिण्यासारखंच आहे. पण इटालियन पोलीसपट 'डर्टी हॅरी'तून जन्मला असं जे सगळे लिहितात ते मला पटत नाही. 'डर्टी हॅरी' अमेरिकेत १९७१च्या डिसेंबरात लागला आणि ज्याने इटलीत ही लाट उसळवली तो 'ला पोलित्सिया रिंग्रात्सिया' १९७२च्या सुरुवातीला, म्हणजे तो बघून हा लिहून शूट करून थेटरात आणायला वेळच नव्हता. डायरेक्टर होता स्टेनो, आयुष्यभर कॉमेडी केलेला माणूस, ह्या पिक्चरला त्याने टोपणनाव बाजूला ठेवून स्टेफानो व्हान्झिना हे खरं नाव लावलं. त्यातला कमिसारियो, म्हणजे तिथला पोलीस अधिकारी (एन्रिको मारिया सालेर्नो), रोममध्ये गुन्हेगार पकडतो, ते सुटतात, आणि मग कोणीतरी ह्या सुटलेल्यांना एकेक करून मारायला लागतं. कोण मारतंय हे कळतं तेव्हा पिक्चर एकदम दुसरीकडेच जातो, म्हणून हा आधी बघा.

त्याच्याही आधी जायचं असेल तर १९६८चा 'बांदिती आ मिलानो', कार्लो लिझ्झानीचा. १९६७च्या सप्टेंबरात मिलानमध्ये काव्हालेरोच्या टोळीने बँक लुटली आणि पळताना भर रस्त्यात गोळ्या झाडत सुटले, रस्त्यावरची साधी माणसं मेली. पुढच्याच वर्षी पिक्चर थेटरात, अर्धा डॉक्युमेंटरीसारखा. जियान मारिया व्होलोन्ते त्यात टोळीचा म्होरक्या आहे, बघाच, आणि पोलीस अधिकारी आहे तोमास मिलियान, जो पुढे ह्याच प्रकारच्या पिक्चरांत एक नंबरचा व्हिलन झाला.

आणि राग का, तर तेव्हाची इटली डोळ्यासमोर आणा. १२ डिसेंबर १९६९ला मिलानला पियात्सा फोंतानाच्या बँकेत बॉम्ब, १७ माणसं गेली. त्यानंतर दहा-बारा वर्षं हे थांबलंच नाही, डावे मारतायत, उजवे मारतायत, आणि ह्या गडबडीत किडनॅपिंगचा धंदा जोरात. १९७३ला रोममधून गेटी ह्या अमेरिकन तेलवाल्या अब्जाधीशाचा सोळा वर्षांचा नातू उचलला, खंडणी मिळेना म्हणून त्याचा कान कापून पेपरवाल्यांना पाठवला. १९७८ला माजी पंतप्रधान आल्दो मोरोंनाच उचललं आणि मारलं. १९८०ला बोलोन्या स्टेशनवर बॉम्ब, ८५ मृत्यू. आता सांगा, रोज सकाळी पेपरात हे वाचून संध्याकाळी जो माणूस तिकीट काढून बसतो त्याला पडद्यावर काय बघायचं असणार? कोणीतरी कोणाच्या तरी कानाखाली जाळ काढलेला बघायचा असतो. प्रोड्युसरांना ते बरोबर कळलं होतं.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा, ह्या पिक्चरांमधला पोलीस कितीही दणकट असला तरी जिंकत नाही. दहा पंटर पडतात, वरचा साहेब तसाच राहतो. चांगल्यातल्या चांगल्या पिक्चरांचा शेवट असा कडू असतो.

नाका_नंबर_२:

बाकी सगळं ठीक आहे पण मॉरिझिओ मेर्लीच्या मिशीशिवाय हा विषय पूर्ण होऊच शकत नाही हां. फ्रँको नीरोसारखा दिसतो म्हणून त्याला पुढे आणला असं म्हणतात, पण नंतर नीरोपेक्षा जास्त पोलीसपट ह्यानेच केले. 'रोमा व्हिओलेंता' (१९७५), मग 'नापोली व्हिओलेंता', मग 'इतालिया आ मानो आर्माता', तिन्हीत हा कमिसारियो बेत्ती. हात आधी चालतो, तोंड नंतर, आणि केस मात्र जागचे हलत नाहीत. नापोलीवाल्यात तर शहरच इतकं भन्नाट आहे, उतार, जिने, बोळ, वरून वाळत घातलेले कपडे, आणि ह्या सगळ्यातून बाइक.

'रोमा आ मानो आर्माता' (१९७६) पण बघा, उम्बेर्तो लेन्झीचा. त्यात मिलियान कुबड असलेला कसाईखान्यातला माणूस झालाय आणि मेर्ली चौकशीत त्याला बंदुकीची गोळी गिळायला लावतो. ती गोळी नंतर स्टोरीत परत येते, कशी येते ते विचारू नका, जेवताना बघू नका एवढंच.

मेर्ली बिचारा ४९ व्या वर्षी गेला, १९८९ला, टेनिस खेळून झाल्यावर हार्ट अटॅक.

काळा_कोट:

मी कोर्टात प्रॅक्टिस करते, त्यामुळे हे पिक्चर बघताना मला एकीकडे मजा येते आणि एकीकडे डोकं फिरतं. प्रेक्षककाकांनी काळ बरोबर सांगितला, पण त्या काळाचा दुसरा अर्धा भाग सांगितला नाही, तो मी सांगते.

पियात्सा फोंतानाच्या बॉम्बनंतर पोलिसांनी अराजकवादी म्हणून जे लोक उचलले त्यात जुझेप्पे पिनेल्ली नावाचा रेल्वे कामगार होता. तीन दिवसांनी मिलानच्या पोलीस मुख्यालयात चौकशी चालू असताना तो चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडून मेला. त्याने बॉम्ब ठेवला नव्हता हे पुढे स्पष्टच झालं. ज्या कमिसारियोवर लोकांनी ठपका ठेवला त्या लुईजी कालाब्रेसींना मे १९७२मध्ये घराबाहेर गोळ्या घातल्या, आणि १९७५मध्ये कोर्टाने सांगितलं की तो माणूस पडला तेव्हा ते त्या खोलीत नव्हतेच. म्हणजे दोन्ही बाजूंनी कायदा बाजूला ठेवल्यावर काय होतं ते ह्या एका प्रकरणात दिसतं. आणि ह्याच वर्षांत थेटरात मिशीवाला साहेब लॉकअपमध्ये मुस्काटात मारतो आणि पब्लिक टाळ्या वाजवतं. तिथले डावे समीक्षक ह्या पिक्चरांना फॅसिस्ट म्हणायचे, आणि सगळ्यांना नाही तरी काहींना तो शब्द शोभतो.

आता कोर्टावरच्या रागाबद्दल. त्या काळी इटलीत तपासाची सूत्रं पोलिसांच्या हातात नसायची, तपास करणारा एक न्यायाधीशच असायचा, तो पुरावे गोळा करणार, साक्षी घेणार, पोलीस त्याच्या हाताखाली. ही पद्धत १९८९मध्ये नवा कायदा लागू झाल्यावर गेली. त्यामुळे पिक्चरमध्ये पोलीस जे करवादत असतात की वरून परवानगी नाही, वरून परवानगी नाही, ते अगदीच हवेतलं नाहीये. पण पिक्चरवाले पुढची गोष्ट सांगत नाहीत, की १९७५मध्ये 'लेज्जे रेआले' नावाचा कायदा आला (रेआले हे तेव्हाचे कायदामंत्री) आणि पोलिसांना अटकेचे आणि गोळी चालवण्याचे अधिकार वाढवून मिळाले. १९७८मध्ये तो रद्द करण्यासाठी सार्वमत घेतलं, लोकांनी तो ठेवला. कायदा पोलिसांचे हात बांधतो हे रडगाणं मात्र त्यानंतरच्या पिक्चरांतही तसंच चालू.

आणि शिवडीकर, तुम्ही बघितलेला 'हाय क्राइम' मला ह्या सगळ्यांत उजवा वाटतो तो एका कारणासाठी, आणि ते बेल्ली नाही, स्कावीनो आहे. अख्ख्या पिक्चरमध्ये पोलिसाचं काम करणारा माणूस तो एकटा. टेबलावर बसून कागदाला कागद जोडतोय, हे बिल, ही कंपनी, हा माणूस त्या माणसाला कधी भेटला. बोअर काम आहे, आम्ही रोज तेच करतो. बेल्लीला ते बघवत नाही, त्याला आत्ता हवंय, आज हवंय, आणि त्याच्या घाईने साहेब जातो आणि पुरावा पण जातो. नाव बघा, 'पोलीस गुन्हेगार ठरवतात, कायदा सोडतो', आणि पिक्चरमध्ये काय होतं, तर केस कायद्यापर्यंत पोचतच नाही! कुठल्या न्यायाधीशाने कोणाला सोडलेलं नाही. ती केस बेल्लीनेच घालवली. कास्तेलारीला हे म्हणायचं होतं की नाही माहीत नाही आणि मला त्याच्याशी कर्तव्य नाही, पडद्यावर तेच आहे.

बाकी त्या फाइलची एकच कॉपी? शहरातल्या सगळ्या धेंडांची कुंडली आणि एकच कॉपी घेऊन हा माणूस रस्त्याने चालत निघतो?

नाका_नंबर_२:

@काळा_कोट ताई कॉपीचं एकदम बरोबर 😂 पण पिक्चर पिक्चरसारखा बघा ना, टाळी वाजवली म्हणजे लगेच कोणी एन्काउंटरला सपोर्ट करत नाही.

काळा_कोट:

@नाका_नंबर_२ दादा, आपण मुंबईत राहतो. जानेवारी १९८२मध्ये वडाळ्याला मन्या सुर्वे मारला गेला तिथून पुढची वीसेक वर्षं ह्या शहराने एन्काउंटरचे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे वाचलेत, अमक्या साहेबाचे किती, तमक्याचे किती. आणि नंतर त्यातल्या काही केसेस खोट्या निघाल्या, पोलिसांना जन्मठेपा झाल्या. त्यामुळे मला ती टाळी पिक्चरपुरती वाटत नाही. पण म्हणून बघू नका असं मी कुठे म्हटलं, मी स्वतःच सगळे बघून बसलेय.

पिटातला_प्रेक्षक:

वकीलबाई, स्कावीनोबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचून पिक्चर परत लावावासा वाटतोय. माझा तुमच्याशी वाद एवढाच, की सगळे पिक्चर एका माळेचे मणी नाहीत. 'ला पोलित्सिया रिंग्रात्सिया'त गुन्हेगारांना परस्पर संपवणारे लोक कोण निघतात, तर माजी पोलीसच, आणि त्यांना नुसते गुंड साफ करायचे नसतात, सत्ताच ताब्यात घ्यायची असते. म्हणजे लाट उसळवणारा पहिलाच पिक्चर ह्या टाळीच्या विरोधात होता, आणि धंदा मात्र टाळीवाल्यांनी केला. १९७५चा सर्जियो मार्तिनोचा 'ला पोलित्सिया अक्यूझा' पण तसाच, त्यात पोलीस तपास करत करत थेट गुप्तहेर खात्यापर्यंत आणि लष्करी उठावाच्या कटापर्यंत पोचतो.

आणि आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर १९८३चा 'अर्धसत्य' आहेच. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा, निहलानींचं दिग्दर्शन. बेल्ली जसा म्हाताऱ्या काफिएरोच्या बागेत जाऊन उभा राहतो, तसाच त्यातला इन्स्पेक्टर वेलणकर गुंड-पुढारी रामा शेट्टीच्या दारात. ज्याला आत टाकायचं त्याच्याकडेच मदत मागायची पाळी. फरक असा की वेलणकरच्या हातून लॉकअपमध्ये माणूस मरतो आणि पिक्चर त्याला त्याबद्दल सोडत नाही. मेर्लीचे पिक्चर हिरोला प्रत्येक वेळी सोडतात, तिथे तुमचा मुद्दा मान्य.

गॅरेज_कुर्ला:

एवढं सगळं लिहिलं आणि गाडीबद्दल कोणी बोललंच नाही!! पोलिसांकडे जी चौकोनी चार दाराची गाडी दिसते ती आल्फा रोमिओ ज्युलिया, १९६२ला आली, दिसायला पावाची लादी पण आत १६०० सीसीचं ट्विन कॅम इंजिन आणि पाच गिअर, त्या काळात फॅमिली गाडीला पाच गिअर म्हणजे विचार करा. सत्तरीच्या मध्यापर्यंत पोलिसांच्या गाड्या मळकट हिरव्या, नंतर निळ्या-पांढऱ्या, त्यामुळे पिक्चर साधारण कधीचा ते गाडीच्या रंगावरून पण कळतं. पोलिसांच्या गाडीला तिथले लोक पँथर म्हणायचे आणि काराबिनिएरीच्या (तिथलं लष्करी पोलीस दल) गाडीला हरीण.

ह्या पिक्चरांचा पाठलाग वेगळा का वाटतो सांगतो, एक म्हणजे रस्ता खरा आहे, सेट नाही, आणि पुष्कळ वेळा रस्ता बंदपण केलेला नाही, परवानगी बिरवानगी काही नाही. १९७६चा रुज्जेरो देओदातोचा 'उओमिनी सी नाशे, पोलित्सियोत्ती सी मुओरे' बघा, सुरुवातीला रोमच्या भर ट्रॅफिकमधून बाइकचा जो पाठलाग आहे तो असाच विनापरवाना मारलेला आहे आणि बाजूचे गाडीवाले दचकतात ते खरे दचकतात. दुसरं म्हणजे कॅमेरा बंपरच्या उंचीला, रस्ता अंगावर येतो. मी तर ब्रेक मारताना पुढचं नाक किती खाली जातं ते बघतो, त्यावरून कळतं स्पीड खरा आहे की फिल्म फास्ट केली आहे, आणि ज्युलियाचं नाक चांगलंच खाली जातं. पार्किंगला लावलेल्या गाड्या पण बघा, मधेच आपली पद्मिनी दिसेल, म्हणजे फियाट ११००, इटलीत १९६९ला बंद झाली आणि इथे कुर्ल्याला प्रीमियरच्या फॅक्टरीत पुढे तीस वर्षं बनत होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ला रस्त्यावरून गेली. त्यांच्या पिक्चरमध्ये ती भंगार म्हणून ठोकतात तेव्हा मला लय वाईट वाटतं, त्यातला अर्धा पार्ट आज मिळत नाही.

फक्त गाड्याच बघायच्या असतील तर १९७७चा 'पोलित्सियोत्तो स्प्रिंट', मेर्लीच आहे पण मिशी कमी आणि गाडी जास्त, स्टंट रेमी ज्युलियन ह्या फ्रेंच माणसाचे. रोमच्या पोलिसांकडे साठच्या दशकात खरोखरची फेरारी होती, २५० जीटीई, काळी, ती चालवणाऱ्या स्पाताफोरा नावाच्या पोलिसावरून तो पिक्चर सुचला.

शिवडी_क्रॉस_रोड:

वा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काळा कोट मॅडम, स्कावीनोचं वाचून मी तो फाइलचा भाग परत बघितला, बेल्ली टेबलापाशी उभा राहून त्याला टोचत असतो आणि हा म्हातारा गप्प बसून ऐकतो, आता बघताना बेल्लीचाच राग येतो. आणि कुर्लेकर, आमच्या बिल्डिंगखाली एक पद्मिनी कव्हर घालून उभी आहे, मालक विकत नाही आणि चालवत पण नाही.

पण आवाजाचं कोणी सांगितलं नाही. आणि अजून एक, सगळे पोलिसाच्या बाजूनेच आहेत का? गँगस्टरच्या बाजूने एखादा असेल तर सांगा.

पिटातला_प्रेक्षक:

गँगस्टरच्या बाजूने म्हणजे फेर्नांदो दी लेओ, आणि सुरुवात 'मिलानो कालिब्रो ९' (१९७२) पासून. ह्याच्यासाठी मी बाकी सगळे सोडायला तयार आहे. सुरुवातीला मिलानच्या कॅथीड्रलसमोरच्या चौकात एक पुडकं ह्या हातातून त्या हातात, त्या हातातून पुढच्या हातात जातं, कोणी कोणाकडे बघत नाही, नुसतं म्युझिक (बाकालोव्ह आणि ओसान्ना बँड). शेवटी पुडकं उघडतात तर आत डॉलरऐवजी कोरे कागद, आणि मग ज्या ज्या हातातून ते गेलं त्या सगळ्यांना बांधून डायनामाइट लावतात. त्यानंतर तीन वर्षांनी उगो पियात्सा (गास्तोने मोस्किन) जेलमधून सुटतो आणि प्रत्येकाला वाटतं तीन लाख डॉलर ह्यानेच ढापले. तो नाही म्हणतो. मोस्किनचा चेहरा असा दगडी आहे की शेवटपर्यंत कळत नाही खरं बोलतोय की खोटं.

आणि वकीलबाईंसाठी त्यात पोलीस स्टेशनचे सीन आहेत. दोन अधिकारी, एक जुन्या वळणाचा कमिसारियो, डंडेवाला, दुसरा नव्या विचारांचा, तो म्हणतो आपण गरीब चोर पकडतो आणि श्रीमंत चोरांना सलाम ठोकतो. दोघं गुन्ह्यापेक्षा एकमेकांशीच जास्त भांडतात. शेवटी त्या नव्या विचाराच्या साहेबाचं काय होतं? बदली. मुंबईत बसून बघताना हा सीन वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

काळा_कोट:

बघितलाय काका. बदलीची ऑर्डर हातात आल्यावर तो ज्या चेहऱ्याने खोलीतून निघतो तो मला मेर्लीच्या सगळ्या मुस्काटात मारण्यापेक्षा जास्त लक्षात आहे.

डबिंगवाली:

आवाजाचा प्रश्न माझ्यासाठीच होता वाटतं, मी अंधेरीला स्टुडिओत डबिंग करते, उशिरा आले सॉरी.

शिवडीकर, तुम्हाला खोलीत बसून काढल्यासारखे वाटतात कारण ते खोलीत बसूनच काढलेले आहेत. इटलीत त्या काळात सेटवर आवाज रेकॉर्डच करत नव्हते, केला तरी नुसता गाइड म्हणून, खरा आवाज नंतर स्टुडिओत. त्यामुळे सेटवर अमेरिकन माणूस इंग्रजी बोलतोय, स्पॅनिश माणूस स्पॅनिश, समोरचा इटालियन, आणि कॅमेऱ्यामागून डायरेक्टर ओरडतोय, चालायचं. तिथला मोठा डायरेक्टर फेलिनी तर म्हणे नटांना डायलॉगच्या जागी आकडे म्हणायला लावायचा. मग इटालियन व्हर्जनसाठी एक टीम आवाज देणार, इंग्रजीसाठी दुसरी. म्हणजे 'ओरिजिनल आवाज' असा प्रकारच नाही, दोन्ही डबच आहेत. आपल्याकडे हिंदीत पण कित्येक वर्षं हेच होतं, 'लगान'च्या वेळी सिंक साउंड, म्हणजे सेटवरच खरा आवाज रेकॉर्ड केला तर केवढी चर्चा झाली होती, फक्त आपल्याकडे बहुतेक नट स्वतःचाच आवाज द्यायचे, तिथे बऱ्याचदा दुसराच माणूस.

तोमास मिलियान क्यूबाचा, त्याचं इटालियन परक्या माणसाचं. पण १९७६पासून त्याने निको जिराल्दी नावाचा पोलीस केला, ढगळे कपडे, दाढी, लोकरीची टोपी, रोमच्या गल्लीतलं शिवराळ बोलणारा, ब्रुनो कोर्बुच्चीने त्याचे अकरा पिक्चर काढले. तो जो अस्सल रोमन ठसका आहे तो सगळा फेर्रुच्चो आमेंदोलाचा, आणि हाच आमेंदोला इटालियनमध्ये डी नीरो, पचिनो, डस्टिन हॉफमन आणि स्टॅलोनचा पण आवाज होता. माइकसमोर उभं राहून बघा एकदा, समोरचा नट धावतोय, धापा टाकतोय, शिव्या देतोय, आणि तुम्ही एका जागी उभं राहून पायाचा आवाज न करता तेवढीच धाप आणायची, ओठ बंद झाला की तुमचा पण शब्द तिथेच संपला पाहिजे. प, ब, म आला की ओठ दिसतात, तिथे चूक लपत नाही. आम्ही आधी ते शब्द बसवतो आणि मग बाकी वाक्य त्याच्याभोवती.

कुठलं बघू विचाराल तर इटालियन ट्रॅकच लावा, इंग्रजी डबमध्ये रोम, नापोली, मिलान सगळ्यांचे गुंड एकसारखेच बोलतात. फक्त सबटायटल नीट बघून घ्या, काही कॉप्यांमध्ये इंग्रजी डबिंगचंच लिहिलेलं खाली चिकटवलेलं असतं. पडद्यावर माणूस एक शब्द बोलून गप्प झाला आणि खाली दोन ओळी आल्या, किंवा तो भडाभडा बोलतोय आणि खाली नुसतं 'ओके', तर समजा ती फाइल चुकीची आहे, दुसरी शोधा.